गावची ठेव गावातच : जर्मन बचतपेढीचा इतिहास व आपली सोसायटी

शेतकऱ्याच्या घरी पैसा वर्षातून एकदोनदा येतो; खर्च मात्र बारा महिने चालू असतो. निफाड-दिंडोरीकडील द्राक्षबागाइतदाराचे पैसे माघ-फाल्गुनापासून हाती येऊ लागतात, लासलगाव किंवा पिंपळगावास कांदा नेणाऱ्याचे लिलावाप्रमाणे येतात, आणि पेठ-सुरगाण्याकडील भात व नागली पिकविणाऱ्याचे दिवाळीनंतर येतात. खते, बियाणे, मजुरी, औषधे आणि मुलांची फी ही मात्र कोणासाठी थांबत नाहीत. आवक व जावक यांमधील याच महिन्यांवर सावकारी पोसली गेली आणि याच महिन्यांसाठी सोसायटी निघाली. जगात जेथे जेथे बचतपेढ्या निघाल्या तेथेही मूळ गरज हीच होती की, असेल तेव्हा ठेवावे आणि नसेल तेव्हा काढावे.

आमची सारी नोकरी महसूल खात्याच्या दप्तरांत गेली. सातबाऱ्याचा उतारा हाती घेतला की इतर हक्कांच्या रकान्यात सोसायटीचा इकरार नोंदलेला दिसावयाचा, हे इतके नित्याचे झाले होते की ज्या उताऱ्यावर बोजा नाही तोच डोळ्यांत भरे. परंतु त्याच गावच्या सोसायटीच्या कपाटात सभासदांच्या ठेवींची वही पाहू गेल्यास ती बहुधा चार पानांची. कर्जाची खतावणी जाडजूड आणि ठेवीची वही कृश, असे का व्हावे? हा प्रश्न आम्हांस अनेक वर्षे पडत आला. त्याचे उत्तर शोधू गेल्यास जर्मनीतील लहान गावांपर्यंत जावे लागते. कारण आपली सोसायटी हे मूळचे तिकडचे रोप आहे.

नगराने चालविलेली पेढी

इसवी सन 1778 मध्ये हांबुर्ग शहरी एका लोकोपयोगी संस्थेने आपल्या कारभारात बचतीचे एक खाते उघडले. घरगडी, मोलकरणी, मजूर, खलाशी अशा हातावर पोट असणाऱ्या लोकांनी आपली चार नाणी सुरक्षित ठेवावीत व त्यांवर व्याज मिळवावे, हा त्याचा हेतु. धनिकांच्या पेढ्या तोपर्यंत पुष्कळ होत्या. गरिबाच्या नाण्यास दार उघडणारी ही पहिल्या काहींपैकी एक होय. पुढे 1801 मध्ये ग्योटिंगेन या विद्यापीठाच्या गावी नगरपालिकेनेच बचतपेढी काढली व तिची जबाबदारी स्वतःवर घेतली. हाच नमुना पुढे जर्मनीभर पसरला.

प्रशियाच्या सरकारने 1838 साली या पेढ्यांसाठी नियम केले. त्यांचा सारांश आमच्या वाचकांनी ध्यानात ठेवण्याजोगा आहे. पेढीस कोणी खासगी मालक नाही. ठेवी बुडाल्यास नगराने भरून द्यावयाच्या. पेढीचा पैसा नगराच्या तिजोरीत मिसळावयाचा नाही. ठेवलेला पैसा सट्ट्यात न घालता घरे-जमिनींच्या गहाणावर व अशाच खात्रीच्या जागी गुंतवावयाचा. पुढे अशीही रीत पडली की प्रत्येक पेढीने आपल्याच मुलखात कारभार करावा, आणि गंगाजळी भरून नफा उरल्यास तो शाळा, दवाखाने अशा सार्वजनिक कामी लागावा.

याचा परिणाम असा की, गावातील सुताराने शनिवारी ठेवलेला पैसा त्याच गावच्या लोहारास घर बांधण्यासाठी मिळे. लोहार हप्ता बुडवू लागला तर ते सुताराच्या कानी येई. ठेवणारा व घेणारा हे एकाच वेशीच्या आत राहत होते, आणि त्या पेढीवरील मोठा पहारा तोच होता.

विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीत अशा सुमारे तीन हजार पेढ्या होत्या. एकमेकींत मिळत मिळत आज त्या साडेतीनशेच्या आसपास उरल्या आहेत. 2005 साली युरोपीय संघाच्या नियमांमुळे नगराची जुनी हमीही गेली. आता या पेढ्या आपसांत निधी उभारून एकमेकींस सावरतात. तथापि लहान गावातील माणसाचे खाते अजूनही बहुधा तेथेच असते.

रायफायझन यांची सोसायटी

नगरातील कारागिराची सोय अशी झाली, परंतु खेड्यातील कुणब्याचे काय? वेस्टरवाल्ड हा जर्मनीतील डोंगराळ, हलक्या जमिनीचा मुलूख. तेथील वायरबुश या गावी फ्रीडरिश विल्हेल्म रायफायझन (जन्म 1818) हे तरुण नगराध्यक्ष होते. 1846-47 च्या हिवाळ्यात तेथे दुष्काळ पडला. रायफायझन यांनी गावातील सधन लोकांकडून पैसा जमवून धान्य आणविले, गावची भट्टी बांधली व गरिबांस उधारीवर स्वस्त पाव दिला. पुढे 1849 साली फ्लामर्सफेल्ड येथे त्यांनी दुसरी मंडळी काढली. तेथील शेतकरी गुरांच्या व्यापाऱ्यांच्या कर्जात बुडालेले असत; मंडळीने गुरे विकत घेऊन त्यांस हप्त्यांवर दिली.

या दोन्ही मंडळ्या दानावर चालत होत्या. श्रीमंतांनी द्यावे व गरिबांनी घ्यावे, अशी ती रचना होती. देणाऱ्यांचा उत्साह ओसरला की मंडळी ढासळे, हे रायफायझन यांच्या अनुभवास आले. तेव्हा 1864 साली हेडेसडोर्फ येथे त्यांनी निराळ्या पायावर कर्ज-मंडळी उभारली. ज्यास कर्ज हवे त्याने स्वतः सभासद व्हावे. सर्व सभासदांनी सर्वांच्या कर्जास अमर्याद जामीन राहावे. मंडळी एका गावापुरती असावी, म्हणजे प्रत्येकास प्रत्येकाची ऐपत व वागणूक ठाऊक राहील. कर्ज उत्पादक कामासाठीच द्यावे. पंचांनी पगार घेऊ नये. नफा वाटून न घेता न वाटता येणाऱ्या गंगाजळीत टाकावा. आणि मंडळीने सभासदांच्या ठेवी घ्याव्यात. येणेप्रमाणे तिचे नियम होते. याच सुमारास श्री. शुल्झे यांनी डेलिच गावी कारागीर व लहान व्यापाऱ्यांसाठी भागभांडवलावर पतपेढ्या चालविल्या होत्या. शहरी पतपेढीचे मूळ तेथे सापडते व खेड्यातील सोसायटीचे रायफायझन यांच्यापाशी.

रायफायझन यांची दृष्टी अधू होऊन त्यांस 1865 साली नोकरी सोडावी लागली. पुढील सारा पत्रव्यवहार व लेखन त्यांची थोरली कन्या अमाली हिने केले. 1888 साली ते वारले, तेव्हा त्यांच्या मंडळ्या जर्मनीबाहेरही पोहोचल्या होत्या.

ठेवीदाराचे नुकसान

जर्मन ठेवीदाराचे सारे सुरळीत झाले असे मात्र कोणी समजू नये. पहिल्या महायुद्धानंतर तेथे नोटांचा पूर आला. 1923 च्या नोव्हेंबरात एका अमेरिकन डॉलरास सुमारे 4 लाख 20 हजार कोटी मार्क पडू लागले. ज्याने जन्मभर काटकसर केली त्याच्या पासबुकातील रकमेस पावाचा तुकडाही येईना. दुसऱ्या महायुद्धाच्या काळी नाझी सरकारने बचतपेढ्यांतील पैसा गाजावाजा न करता युद्धखर्चाकडे वळविला. 1948 साली नवे चलन निघाले, तेव्हा पश्चिम जर्मनीत जुन्या 100 मार्कांच्या ठेवीचे अखेर साडेसहा नवे मार्क हाती पडले.

पेढीचे नियम चोख असूनही हे घडले, कारण सरकारनेच चलन बुडविले आणि ठेवींवर हात टाकला. एवढे होऊनही लोक पुन्हा त्याच पेढीत पैसे ठेवू लागले. पेढी गावातली, माणसे ओळखीची, हिशेब उघडा; हे त्याचे एक कारण असावे असे आम्हांस वाटते.

रोप इकडे कसे आले

आपल्याकडे 1875 साली पुणे जिल्ह्यातील सुपे येथे दंगा झाला व तो पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरला. शेतकऱ्यांचा रोख सावकारांच्या कर्जरोख्यांवर होता. रोखे काढून घेऊन जाळण्यात आले. त्यानंतर सर विल्यम वेडरबर्न यांनी पुरंदर तालुक्यासाठी शेतकी पेढीची योजना मांडली व न्यायमूर्ति रानडे यांनी तिला पाठिंबा दिला. हिंदुस्थान सरकार अनुकूल होते, परंतु 1884 साली विलायतेहून नकार आला. त्याच सुमारास 1883 व 1884 चे तगाईचे कायदे झाले. शेतकऱ्यास सरकारी तिजोरीतून कर्ज मिळू लागले, पण त्यात त्याच्या स्वतःच्या ठेवीचा संबंध नव्हता.

बडोदे येथे मात्र मराठी गृहस्थांनी 1889 मध्येच आपल्या पायावर उभे राहून दाखविले. विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाऊसाहेब कवठेकर यांनी तेथे अन्योन्य सहाय्यकारी मंडळी स्थापिली. सहकाराचा कायदा होण्यापूर्वी पंधरा वर्षे सभासदांच्या बचतीवर चालू झालेली ही संस्था हिंदुस्थानातील पहिली सहकारी पेढी मानली जाते. शंभरावर वर्षे चालून चालू शतकाच्या पहिल्या दशकात ती अडचणीत आली व बंद पडली, हेही येथे नमूद केले पाहिजे. पूर्वजांची काटकसर पुढच्या कारभाराची हमी देत नाही.

मद्रास सरकारने फ्रेडरिक निकल्सन यांस युरोपातील शेतकी पेढ्या पाहण्यास पाठविले. 1895 व 1897 साली त्यांचा अहवाल दोन भागांत निघाला. या देशाने रायफायझनसारखा मनुष्य शोधावा, हा त्यांच्या सांगण्याचा मथितार्थ होता. 1904 साली सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला, आणि 1905 साली तेव्हाच्या धारवाड जिल्ह्यातील कणगिनहाळ या गावी सिद्धनगौडा पाटील यांच्या पुढाकाराने पहिली ग्रामीण सोसायटी नोंदली गेली. 1911 साली सर विठ्ठलदास ठाकरसी व लल्लुभाई सामळदास यांच्या प्रयत्नाने मुंबईस मध्यवर्ती सहकारी पेढी निघाली व सोसायट्यांस भांडवल मिळू लागले.

ठेवीची वाट निराळी, कर्जाची निराळी

येथेच आमच्या प्रश्नाचे उत्तर आहे. जर्मन गावात ठेव व कर्ज एकाच दाराने येत-जात होते. आपल्याकडे सरकारने आधीच ठेवीची वाट निराळी काढली होती. 1833 ते 1835 या काळात कलकत्ता, मद्रास व मुंबई येथे सरकारी बचतपेढ्या निघाल्या. 1870 साली निवडक जिल्ह्यांच्या तिजोऱ्यांत त्या उघडल्या. आणि 1882 साली टपाल कचेऱ्यांत बचतखाते सुरू झाले. टपालखात्यात पैसा सुरक्षित राहतो, आणि विधवांस व पेन्शनरांस त्याचा मोठा आधार झाला यांत संशय नाही. परंतु खेड्यातून टपालात गेलेला रुपया सरकारच्या तिजोरीत जातो. शेजारच्या शेतकऱ्याच्या विहिरीस तो लागत नाही.

उलट कर्ज आले ते वरून. शिखर बँकेकडून जिल्हा बँकेकडे, जिल्हा बँकेकडून सोसायटीकडे व सोसायटीकडून सभासदाकडे, असा त्याचा प्रवास. ठेव बाहेर जाते व कर्ज बाहेरून येते. गावात दोघांची गाठ पडत नाही. सर एडवर्ड मॅक्लागन यांच्या समितीने 1915 सालीच काटकसर व स्थानिक ठेवी यांवर भर दिला होता.

पुढे गोरवाला समितीने 1951-52 साली देशभर ग्रामीण कर्जाची पाहणी केली. नाशकात जन्मलेले अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ तीत सभासद होते. 1954 च्या अहवालात असे दिसले की, शेतकऱ्याच्या एकंदर कर्जापैकी सोसायट्यांकडून आलेले शेकडा 3 च्या आसपास, आणि सावकारांकडून आलेले शेकडा 70 च्या सुमारास. तेव्हा सरकारने भागीदार होऊन सोसायट्या मोठ्या कराव्यात असे ठरले. त्यामुळे कर्ज वाढले व सावकाराचा फास पुष्कळ सैल झाला, हे उपकार विसरता येत नाहीत. परंतु ठेवीची बाजू तशीच राहिली. कर्ज देतानाच त्यातून सभासदाचा भाग कापून घेण्याची रीत पडली. जे भांडवल स्वतः शिल्लक टाकून उभारावयाचे, तेच उसन्या पैशातून उभे राहू लागले. मग ते सांभाळण्याची कळकळ सभासदास कोठून यावी?

आपल्या जिल्ह्याची स्थिति

मार्चअखेरीस कोणत्याही गावी जाऊन पाहावे. जुने कर्ज भरून नवे उचलावयाचे, यास आपण नवे-जुने करणे म्हणतो. वेळेवर भरणाऱ्यास 3 लाख रुपयांपर्यंतचे पीककर्ज सरकारच्या सवलतीने बिनव्याजी पडते, म्हणून मुदत साधण्यासाठी आठपंधरा दिवसांपुरते पैसे कोठून तरी व्याजाने आणले जातात. बिनव्याजी कर्ज टिकविण्यासाठी सावकाराचे व्याज भरावयाचे, अशी ही गत आहे. गावाची स्वतःची ठेव असती तर हे पंधरा दिवस गावातच निभावले असते.

गारपीट झाली, कांद्याचा भाव पडला, निर्यात अडली, म्हणजे प्रामाणिक शेतकऱ्याचेही हप्ते चुकतात. त्यास दोष देणे अन्यायाचे होईल. 2008, 2017 व 2019 साली कर्जमाफ्या झाल्या त्या अशाच संकटांच्या पोटी. अनेक घरे त्यांमुळे वाचली. त्याचबरोबर ज्याने दागिना मोडून हप्ता भरला त्याच्या मनात, आपण फसलो, अशी भावना राहिली. ठेवीदार शेजारचा असता तर बुडविणाऱ्यास त्याची लाज वाटली असती. पैसा दूरचा असल्यामुळे ती वाटेनाशी झाली.

जिल्हा बँकेवर याचा भार साचत गेला. नोव्हेंबर 2016 मध्ये जुन्या नोटा बाद झाल्या, तेव्हा देशातील सर्वच जिल्हा बँकांस काही दिवसांतच त्या घेण्यास मनाई झाली. त्यानंतर नाशिक जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेच्या ठेवीदारांस आपल्याच पैशांसाठी खेटे घालावे लागले. थकबाकी वाढली, आणि 2023 साली सक्तीच्या वसुलीविरुद्ध जिल्ह्यात शेतकऱ्यांची आंदोलने झाली. एका बाजूस जमिनीच्या लिलावाची नोटीस हाती पडलेला शेतकरी, दुसऱ्या बाजूस मुलीच्या लग्नासाठी ठेवलेला पैसा अडकलेला शेतकरी. आणि पुष्कळ वेळा हे दोघे एकाच गावचे. दोघांचेही खरे आहे. या दोघांची समोरासमोर बैठक होईल अशी जागाच आपल्या रचनेत नाही, हे आमचे दुःख आहे.

बचत गटांचा धडा

तशी जागा अगदीच नाही असेही नव्हे. 1992 साली नाबार्डने 500 बचत गट बँकांस जोडण्याचा प्रयोग आरंभिला व पुढे हे गट गावोगाव पसरले. दहा ते वीस बाया दरमहा ठरावीक रक्कम जमा करतात, त्याच पैशातून आपसांत कर्ज देतात, आणि काही महिने हे नीट चालल्यावर बँक त्यांस कर्ज देते. आधी बचत, मग कर्ज. सर्वांस सर्वांची ओळख. मासिक बैठकीत उघडा हिशेब. रायफायझन यांचे नाव यांतील बहुतेक बायांनी ऐकलेले नसेल, परंतु त्यांचा नियम त्या पाळीत आहेत. पुरुषांच्या सोसायटीने हा धडा आपल्याच घरात शिकण्यास हरकत नसावी.

याचा हिशेब सोपा आहे. 100 सभासदांनी दरमहा 200 रुपये टाकले तर महिन्यास 20 हजार, वर्षास 2 लाख 40 हजार, आणि पाच वर्षांत व्याज न धरता 12 लाख रुपये होतात. मार्चअखेरची अडचण, आजारपण, मोटार जळणे, अशा प्रसंगी एवढी रक्कम गावास फार उपयोगी पडेल. कांद्याची पट्टी हाती आली त्याच दिवशी त्यातील थोडा भाग बाजूस काढणे, ही सवय सर्वांत महत्त्वाची.

मात्र ठेव कोठे ठेवावी याचा विचार आधी करावा. सहकारी बँकांसह विमा उतरविलेल्या बँकांतील ठेवीस, प्रत्येक ठेवीदारास एका बँकेत व्याजासह 5 लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. ही मर्यादा 4 फेब्रुवारी 2020 पासून लागू झाली. पतसंस्था व गावची विकास सोसायटी यांतील ठेवीस हा विमा नाही. सबब ज्या सोसायटीचा कारभार स्वच्छ नाही तेथे जास्त व्याजाच्या आशेने पैसा टाकू नये. पैसा दुप्पट करून देणाऱ्या फिरत्या मंडळींपासून तर दूरच राहावे.

सोसायटीच्या वार्षिक सभेस जावे आणि चहापाण्यानंतर सही करून परत न येता लेखापरीक्षणाचा अहवाल वाचून दाखविण्यास सांगावे. सभासदांकडून येणे किती व बँकेस देणे किती, म्हणजे अनिष्ट तफावत किती, हा एक प्रश्न प्रत्येकाने गटसचिवास विचारावा. तफावत असल्यास ती कोणत्या साली व कशी पडली, हेही विचारावे. विचारणारे दहा जण असले की दप्तर नीट राहते, हा आमचा नोकरीतील अनुभव आहे.

आपण जर्मनीतील रचनेतून कर्जाचा भाग घेतला व ठेवीचा भाग सोडून दिला. तो राहिलेला भाग आता आणावयाचा आहे. त्यासाठी नवा कायदा नको की सरकारी अनुदान नको. गावातील वीसपंचवीस विश्वासाची माणसे, एक वही व महिन्याची एक ठरलेली तारीख पुरे. ज्या गावांनी असा प्रयत्न केला असेल त्यांनी आपला बरावाईट अनुभव मासिकाकडे लिहून पाठवावा, अशी आमची विनंती आहे.